जुन्या मचव्याची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

१० डिसेंबर २०२३

मचवा, म्हणजे आमची जुनी लाकडी मासेमारी नाव, शेडखाली आला. लांबी ३८ फूट, सगळ्यात रुंद जागी ११ फूट. फळ्या दीड इंची सागवानी, तळाचा पठाण (नावेचा कणा) ऐनाचा, वांक (आतल्या बरगड्या) बाभळीचे. जागा दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला, वाशिष्ठी नदी अरुंद व्हायला लागते तिथली. नाखव्याच्या घरी फायबरची बोट आल्यापासून मचवा इथेच काठाला, निम्मा चिखलात आणि निम्मा उघड्यावर उभा होता.

पहिले काही दिवस फक्त मापं आणि फोटो. एकही फळी काढायची नाही, रंगसुद्धा खरवडायचा नाही. जुन्या नावेच्या फळ्या भराभर काढल्या की तिचा आकार हातातून जातो, आणि आकार गेला की नुसती लाकडं उरतात. कोकणातल्या सुतारांनी या नावा कागदावर नकाशा न काढता, नजरेने आणि फर्म्याने, म्हणजे आकाराच्या साच्याने, बांधल्या. म्हणजे नकाशा असलाच तर तो समोरच उभा आहे.

पठाणाच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधली. मधोमध पठाण पावणेदोन इंच वर आलेला निघाला. जुन्या नावांचं हे नेहमीचंच दुखणं आहे. नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि मागचं टोक निमुळतं असतं, तिथे पाणी नावेला कमी उचलून धरतं. वजन मात्र तिथेही असतंच. वर्षानुवर्षं टोकं खाली बसत जातात आणि मधला भाग कमान धरतो. दोन्ही टोकांखाली टेकू आणि पाचरी लावल्या. पाचर आठवड्याला एक सूत (इंचाचा आठवा भाग) ठोकायची, त्याहून जास्त नाही. मधला भाग आपल्या वजनानेच खाली येऊ दे.

२३ डिसेंबर २०२३

हातोडी आणि टोचा घेऊन सबंध मचवा ठोकून पाहिला. चांगलं लाकूड खणकन वाजतं, कुजलेलं भदभद. माझा अंदाज होता की तळ गेला असेल आणि वरचं बरं असेल. निघालं बरोबर उलटं.

पाण्याखालच्या एका फळीचा तुकडा कापून उभा चिरला. आत टेरेडोची बिळं. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि आत करंगळी जाईल एवढा बोगदा, त्याला आतून पांढरं चुनखडी अस्तर. टेरेडोला सगळे कीड म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. डोक्याकडच्या दोन छोट्या शिंपा रंध्यासारख्या चालवत तो लाकूड पोखरतो, आणि त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू लाकूड पचवायला मदत करतात. पाणी सोसवेनासं झालं की शेपटाकडच्या दोन झडपांनी भोक बंद करून तो आत कित्येक आठवडे तग धरतो. गोड्या पाण्यात मात्र फार काळ टिकत नाही.

ही सगळी बिळं मात्र जुनी, कोरडी, आत काही नाही. याचं कारण खाडीत आहे. कोयनेच्या वीजप्रकल्पातून सुटलेलं पाणी सह्याद्रीच्या या बाजूला वाशिष्ठीत येतं, त्यामुळे वरच्या अंगाला उन्हाळ्यातही पाणी बऱ्यापैकी गोडं राहतं. मचवा इथे आला तेव्हाच कीड मेली असणार. पूर्वीही नावा अधूनमधून खाडीत वर आणून ठेवत, त्यामागे हेच.

पण जे पाणी टेरेडोला मारतं तेच बुरशीला पोसतं. खारं पाणी लाकडाला एका अर्थी मुरवून ठेवतं. पावसाचं पाणी सांध्यात बसलं की कूज सुरू. वरची काठाची फळी, डेकखालच्या आडव्या तुळया, मागच्या खांबाचं डोकं, सगळीकडे टोचा मुठीपर्यंत आत. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. ओल मोजायचं यंत्र लावलं, पण मिठाने भरलेल्या लाकडात ते भलतेच चढे आकडे दाखवतं. शेवटी टोचाच खरा.

१४ जानेवारी २०२४

आज पूर्ण दिवस मचव्याच्या आत, विजेरी घेऊन. तळाचा चिखल आणि जुन्या तेलाची साय खरवडल्यावर पठाणावर एक चौकोनी खोबण सापडली, वर लाकडाचा ठोकळा बसवून बुजवलेली. डोलकाठीची खोबण. जागा मध्यापासून चांगली पुढे, आणि तिची मागची भिंत पुढे झुकलेली, म्हणजे काठी पुढे कललेली होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या तिरक्या परबाणाच्या (शीड जिला बांधतात त्या काठीच्या) शिडाची हीच ठेवण. मचवा शिडाचा म्हणून जन्मला, इंजिन नंतर आलं.

मागच्या खांबात इंजिनाच्या पंख्यासाठी (प्रोपेलरसाठी) कापलेली खाच त्याला दुजोरा देते. नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या बोटीत खांब मुळातच तसा घडवलेला असतो. इथे सलग खांब करवतीने कापून, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या मारून जागा केली आहे. करवतीच्या खुणा अजून दिसतात.

स्वातंत्र्यानंतर मासेमारी यंत्रावर नेण्याचं धोरण आलं तेव्हा तेव्हाच्या मुंबई राज्यात हे काम तुलनेने सोपं गेलं, कारण इथल्या नावांना खोल पठाण आणि भरदार पोट आधीपासून होतं. इंजिन ठेवायला जागा होती आणि त्याचा हादरा सोसायला हाडही होतं. केरळात किंवा पूर्व किनाऱ्यावर ओंडक्यांचे तराफे आणि कोरीव होड्या जास्त, त्यांच्यात इंजिन बसणार कुठे? तिथे नव्या बोटीच आखाव्या लागल्या. १९५३ पासून केरळात नींडकरा भागात चाललेला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प त्यातलाच. आपल्याकडे मात्र जुन्या मचव्यांनाच इंजिनं बसली. आमच्या मचव्याच्या खांबावरची ती ओबडधोबड खाच हा त्या धोरणाचा पुरावा आहे.

खिळेसुद्धा दोन पिढ्यांचे. मूळचे चौकोनी, हाताने घडवलेले, फळीतून आरपार काढून आतून वळवलेले. नंतरचे गोल, कारखान्यातले. गोल खिळे जिथे जिथे आहेत तिथली फळी नंतर बदललेली. खडूने खुणा केल्या. जवळजवळ प्रत्येक तिसरी फळी कधी ना कधी बदललेली आहे.

४ फेब्रुवारी २०२४

वाडीतले एक म्हातारे तांडेल (नावेचे प्रमुख) येऊन गेले. तरुणपणी याच मचव्यावर खलाशी होते. त्यांना खोबण दाखवली. म्हणाले, "शीड मी नाय पायलं. पण परबाण आमच्या पडवीत होता, त्यावर जाळी वाळवायचे." इंजिन आल्यावरही बरीच वर्षं आपत्कालासाठी छोटं शीड ठेवायचे, असं त्यांनी वडलांकडून ऐकलं होतं. लाकूड आणि तोंडी आठवण इथे जुळतात. डेकवरच्या केबिनबद्दल मात्र जुळत नाहीत: ते म्हणतात केबिन पहिल्यापासून होती, पण तिच्याखालच्या तुळयांना सगळे गोल खिळे आहेत. केबिनच्या बाबतीत मी खिळ्यांवर विश्वास ठेवतो.

आता मुख्य प्रश्न. मचवा कुठल्या काळापर्यंत मागे न्यायचा? मित्रांचं म्हणणं, शीड उभं करा, इंजिन काढा, खाच बुजवा, फोटो काय सुंदर येतील. मला ते पटत नाही. हा मचवा शिडावर जितका काळ चालला त्याहून जास्त काळ इंजिनावर चालला. खाच बुजवली तर त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य पुसलं जाईल, आणि शीड कसं होतं याची मापं आपल्याकडे नाहीतच. जे उभं राहील ते आपल्या कल्पनेतलं. युरोपात जुन्या चालत्या जहाजांसाठी बार्सिलोना सनद म्हणून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शक्यतो मूळच्याच प्रकारचं साहित्य आणि मूळचीच कारागिरी वापरा, असा तिचा रोख. तो मला मान्य आहे. मूळ म्हणजे नेमकं कुठलं वर्ष, हे मात्र ज्याने त्याने नाव बघूनच ठरवायचं.

ठरलं ते असं: इंजिनावरचा मासेमारी मचवा म्हणून दुरुस्त करायचा. खाच राहील. खोबणीवरचा ठोकळा काढून ती उघडी ठेवायची. केबिन कुजली आहे, ती नव्याने, पण तशीच, त्याच मापाची. नावेचं सुतारकाम करणाऱ्या मेस्त्रींना हे ऐकून हायसं वाटलेलं दिसलं. शिडाच्या दोरखंडाचं काम जाणणारा माणूस कुठून आणायचा, ही त्यांची काळजी होती.

१७ मार्च २०२४

लाकूड. नवं सागवान तोडायला आणि वाहायला वनखात्याचा परवाना लागतो, आणि मिळालं तरी ते ओलं. आम्ही पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया घेतल्या. अनेक पावसाळे सोसून वाळलेलं लाकूड, दाट रेषांचं. त्रास एवढाच की आत खिळे लपलेले असतात; करवतीचं पातं जातं. प्रत्येक तुळईवरून आधी लोहचुंबक फिरवायचं.

सागवानात तेल असतं, त्यामुळे त्यात लोखंडही इतर लाकडांपेक्षा कमी गंजतं. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ब्रिटिश आरमाराची 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजूनही तरंगते आहे. पण हा मान गाभ्याच्या लाकडाचा. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ते तेल नसतं, आणि आमच्या मचव्यात जिथे जिथे कीड सगळ्यात खोल गेली आहे तिथे फळीच्या कडेला पांढरं लाकूड ठेवलेलं आहे. कुणीतरी कधीतरी दोन इंच रुंदी वाचवली. मेस्त्री पांढरं लाकूड निर्दयपणे तासून टाकतात, निम्मी फळी गेली तरी.

वांकांसाठी बाभूळ, आणि ती वाकडीच हवी. सरळ लाकूड कापून वाकडा वांक केला तर रेषा मध्येच तुटतात आणि तो तिथेच फुटतो. झाड ज्या वळणाने वाढलं त्याच वळणाचा वांक काढायचा. मेस्त्री फर्मा खांद्यावर टाकून बांधाबांधाने झाडं बघत हिंडतात. चपलांच्या दुकानात चप्पल जुळवून बघावी तसा फर्मा फांदीला लावून बघतात, मान हलवतात आणि पुढे जातात.

२६ मे २०२४

पाऊस तोंडावर. शेडच्या उघड्या बाजूला झापं बांधली, पण खाली एक हात मोकळं सोडून. ताडपत्रीने मचवा गच्च झाकला तर आतल्या दमटपणाने पावसापेक्षा जास्त नुकसान होईल. वारा खेळला पाहिजे. तळात, फळ्या आणि वांक यांच्यामध्ये जाडं मीठ भरलं. गोडी ओल आली तरी ती खारट होऊन राहील.

पठाणाची कमान पावणेदोन इंचांवरून पाऊण इंचावर आली आहे. पुढे सरकेना. मेस्त्रींचा सल्ला, एवढी राहू दे. आणखी ताणलं तर जुने सांधे उघडतील. मान्य.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वाडीतली माणसं मोकळी. रोज कुणीतरी येतं, मचव्यावर हात फिरवतं, वरून फायबरचा थर मारून टाका असं सांगून जातं.

२० ऑक्टोबर २०२४

वांक बदलायला घेतले. सगळे एकदम काढायचे नाहीत. एक आड एक: एक काढा, नवा बसवा, घट्ट करा, मग शेजारचा. शेजारच्या जुन्या वांकाने तेवढ्या वेळात आकार धरून ठेवायचा.

१९ जानेवारी २०२५

फळ्या. तळाची, पठाणाला चिकटून असलेली फळी सगळ्यात अवघड, कारण ती लांबीत पीळ घेते: मध्ये जवळजवळ आडवी आणि नाळेकडे जाताना उभी. वाफेच्या पेटीत लाकूड मऊ करायचा हिशेब इंचभर जाडीला एक तास. मेस्त्री पेटी वापरत नाहीत. फळी भिजवून दोन टेकूंवर ठेवतात, खाली नारळाच्या झावळ्यांची आग, वर सतत पाणी, आणि मोकळ्या टोकाला दगड टांगतात. आगीची बाजू आतल्या अंगाला, म्हणजे करपलेला थर मचव्याच्या आत जातो. मधून मधून दगडाला हात लावून बघतात. फळी शरण आली की दगड हळूच खाली उतरतो. तेव्हा पळापळ. चार जणांनी उचलायची, जागेवर न्यायची आणि शिकंजे आवळायचे, गार व्हायच्या आत.

खिळे मारायची पद्धत लिहून ठेवण्यासारखी. आधी खिळ्यापेक्षा जरा बारीक भोक. खिळ्याच्या माथ्याखाली कापसाचा धागा तीनचार वेढे, तेलात बुडवलेला. खिळा आत जातो तसा धागा दाबला जाऊन भोकाचं तोंड बंद करतो. आत निघालेलं टोक रेषेच्या आडवं वळवून पुन्हा लाकडात ठोकायचं. जुन्या फळीतून काढलेल्या खिळ्यांवर हा धागा अजून शाबूत होता, काळा पडलेला, आणि त्याच्याखालचा लोखंडाचा भाग चकचकीत.

९ मार्च २०२५

खिळ्यांवरून वाद. पाहुण्यांपैकी एकाने तांब्याचे सुचवले, दुसऱ्याने स्टेनलेस. दोन्हीला नकार, कारणं वेगवेगळी. मचव्यात जुने लोखंडी खिळे शेकड्यांनी राहणार आहेत. त्यांच्या शेजारी तांबं आणि भोवती खारं पाणी म्हणजे विजेचा घट तयार, त्यात लोखंड आधी झिजणार. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले तेव्हा लोखंडी बोल्टांनी हाच मार खाल्ला होता. स्टेनलेसला चकाकी टिकवायला प्राणवायू लागतो. ओल्या लाकडाच्या आत तो मिळत नाही आणि खिळा माथ्याखाली गुपचूप खंगतो, बाहेरून नवाच दिसतो. म्हणून गरम जस्ताचा जाड मुलामा दिलेले लोखंडी खिळे. पंखा पितळी आहे, त्याच्याजवळ जस्ताच्या वड्या बसवू. त्या झिजल्या की बदलायच्या.

आणि फायबर. सुक्या, नव्या लाकडावर फायबरचा थर टिकू शकतो, त्यात वाद नाही. इथल्या नाखव्यांनी जुन्या नावांवर तो मारला तो हौसेने नव्हे. दर वर्षी रंग, कापूस, मजुरी परवडेना म्हणून. पण जुनं लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, थर तसा हलत नाही. कुठेतरी केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. शेजारच्या वाडीतल्या अशाच एका नावेचा थर हाताने सोलून निघाला, मागे लाकडाचा भुगा. शिवाय एकदा थर मारला की पुढच्या सुताराला फळी दिसतच नाही. मचवा पुन्हा उघडता आला पाहिजे, ही माझी अट.

१८ मे २०२५

सांधे भरणं. सुताचा पीळ करून बोथट छिन्नीने फटीत ठोकायचा, वर राळ आणि तेलाचं मिश्रण. हात आवरून ठोकावं लागतं. फार घट्ट भरला तर लाकूड पाण्यात फुगल्यावर सूत दाबलं जायला जागा राहत नाही आणि फळीच खिळ्यांवरून उचलली जाते. मेस्त्री आवाजावर चालतात. ठोका जाड व्हायला लागला की पुढे सरकतात.

यंदा पाऊस मेमध्येच सुरू होईल अशी चिन्हं आहेत. भरलेल्या सांध्यांवर घाईने रंगाचा पहिला हात मारून घेतला.

२८ सप्टेंबर २०२५

बाहेरून तेल. जुन्या काळी माशाच्या यकृताचं तेल वापरत. गुजरातच्या किनाऱ्यावर त्यासाठी व्हेल शार्क मारले जायचे. २००१ पासून त्या माशाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आम्ही वापरलं काजूच्या टरफलांचं तेल. काळं, दाट, आणि किडीला नकोसं. माणसालाही नकोसंच: कातडीवर पडलं तर फोड येतात. मेस्त्रींनी आधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडून घेतलं आणि माझ्या हातमोज्यांकडे बघून हसले.

तळाला पाण्याच्या रेघेपर्यंत लाल रंग, कीड न लागणारा. रेघेच्या वरच्या भागाला हिरवा, कारण खरवडताना सगळ्यात आतला थर हिरवा निघाला. इंजिन आत उतरवलं, बोल्ट सैल ठेवले.

५ नोव्हेंबर २०२५

त्रिपुरी पौर्णिमा, उधाणाची भरती. भरतीची वेळ तिथीची पाऊणपट, म्हणजे पंधराची सव्वा अकरा; इथे खाडीत वर पाणी पोचायला थोडा उशीर. आठवडाभर आधीपासून फळ्यांवर ओली गोणपाटं टाकून ठेवली होती, म्हणजे लाकूड एकदम तहानलेलं पाण्यात जाणार नाही.

मचवा ओंडक्यांवरून सरकला आणि भर दुपारी तरंगला. लगेच पाणी आत. नाळेकडच्या तीन सांध्यांतून धारा, बाकी ठिकाणी नुसता पाझर. काठावर कुजबूज झाली. मेस्त्री आत बसून विडी ओढत होते. दोन पंप चालू ठेवले, रात्रभर आळीपाळीने माणसं.

८ नोव्हेंबर २०२५

लाकूड फुगलं. पहिल्या रात्री तासाला बोटभर चढणारं पाणी आता दिवसभरात तेवढं चढतं. दोन धारा आपोआप मिटल्या. तिसरी, नाळेच्या डाव्या बाजूची, अजून आहे. तिथला पीळ ओहोटीला बाहेरून पुन्हा ठोकावा लागेल. तरंगल्यावर पठाण पुन्हा दोन सूत वर गेला, अपेक्षेइतकाच.

म्हणूनच इंजिनाचे बोल्ट सैल होते. जमिनीवर शाफ्ट कितीही सरळ जोडला तरी पाण्यात नावेचा आकार बदलतो आणि ती सरळ रेघ बिघडते. आणखी आठवडाभर मचवा पाण्यात बसू द्यायचा, मग इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन्ही चकत्यांमध्ये पट्टी घालून चारही बाजूंनी फट मोजायची, सारखी आली की बोल्ट आवळायचे. त्यानंतरच्या सोमवारी मेस्त्री पट्टी घेऊन येतात. तोवर डिझेलची टाकी धुऊन ठेवायची आणि दुसऱ्या पंपाचा पट्टा बदलायचा.